एमडी पीडियाट्रिक्सनंतर पीआयसीयूची (लहान मुलांच्या अतिदक्षता विभागाची) फेलोशिप करावी का? मुंबईत करायची तर जागा कशी निवडावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमडीचं शेवटचं वर्ष चालू आहे, पालिकेच्या रुग्णालयात आहात, पीआयसीयूची पोस्टिंग मनापासून आवडली. पण घरचे म्हणतायत, "डोंबिवलीत दवाखाना टाक, अजून तीन वर्षं कशाला घालवतेस?" आणि 'फेलोशिप' या एका शब्दाखाली इतके प्रकार दिसतायत की काहीच कळेनासं झालंय.

मी हेच काम करते, मुंबईतच. शिकताना एकदा जागा चुकली होती, म्हणून जरा लांबण लावून लिहिते.

आधी कागदाचं बघू. आपल्याकडे चार वेगळ्या गोष्टींना लोक सरसकट 'फेलोशिप' म्हणतात. डीएम पीडियाट्रिक क्रिटिकल केअर ही तीन वर्षांची पदवी. प्रवेश नीट-एसएस या सुपरस्पेशालिटीच्या प्रवेश परीक्षेतून. एम्स किंवा चंदीगडच्या पीजीआयला जायचं तर आयएनआय-एसएस ही त्यांची परीक्षा वेगळी द्यावी लागते. दुसरी राष्ट्रीय परीक्षा बोर्डाची डीआरएनबी, तीही तीन वर्षांची, तीही नीट-एसएसमधून. पूर्वी याच बोर्डाचं दोन वर्षांचं एफएनबी (बोर्डाची फेलोशिप) असायचं, त्यामुळे आमच्या पिढीतले लोक अजून 'एफएनबी कर' असा सल्ला देतात. तो आता जुना झाला. तिसरी वाट बालरोगतज्ज्ञ आणि इंटेन्सिव्ह केअर यांच्या संघटनांची. त्या युनिट तपासून मान्यता देतात, शेवटी परीक्षा घेतात, कालावधी कमी असतो. आणि चौथी म्हणजे रुग्णालयाने आपल्याच लेटरहेडवर दिलेली फेलोशिप.

पहिल्या दोन राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या लेखी सुपरस्पेशालिटी आहेत. उद्या मेडिकल कॉलेजात या विषयात शिकवायचं मनात असेल तर त्यांच्याशिवाय पुढे दार बंद. संघटनेच्या फेलोशिपवर खासगी रुग्णालयात नोकरी मिळते, हाताखाली शिकायलाही मिळतं, पण ती पदवी नव्हे. मात्र डीएमच्या प्रवेशाआधी बाँडची (ठरावीक काळ तिथे सेवा द्या, नाहीतर पैसे भरा) अट नीट वाचा. सही करताना कोणी वाचत नाही आणि सोडताना सगळ्यांना पाठ होते.

परदेशाचं दोन ओळींत: अमेरिकेत ही फेलोशिप तीन वर्षांची, पण त्याआधी तिथली तीन वर्षांची पीडियाट्रिक्स रेसिडेन्सी पुन्हा करावी लागते.  ब्रिटनमध्ये परदेशी डॉक्टरांसाठीच्या एमटीआय योजनेतून दोन वर्षांपर्यंत काम करता येतं, अनुभव उत्तम मिळतो, पण तिथलं प्रशिक्षण पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र त्यातून मिळत नाही.

आता माझी चूक. एमडीनंतर एका खासगी रुग्णालयात लेटरहेडवाली फेलोशिप घेतली. चकचकीत युनिट, प्रत्येक बेडला व्हेंटिलेटर, घरापासून एका लोकलच्या अंतरावर. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की रात्री मी, दोन सिस्टर आणि एक फोन, एवढीच टीम आहे. फोनवर सर "हं, हं, करा" म्हणायचे आणि मी करायचे. बरोबर केलं की चूक, हे सांगणारं कोणी नव्हतं. मूल सुधारलं तर मला वाटायचं मी शिकले. मी फेलो नव्हते हो, स्वस्तातली आरएमओ, म्हणजे नुसती ड्यूटी डॉक्टर होते. आठ महिन्यांनी सोडलं.

दुसरी जागा परळ भागातली, जुनी इमारत, भिंतींना ओल. तिथली पहिली पावसाळी रात्र अजून आठवते. डेंग्यूचा सात वर्षांचा मुलगा, बदलापूरहून आलेला. हातपाय गार, नाडी बारीक, वरचा आणि खालचा रक्तदाब जवळजवळ आलेले. आम्ही सलाईन दिलं, मुलगा सावरला. तासाभराने नाडी पुन्हा जरा वेगाने चालायला लागली आणि माझा हात दुसऱ्या बाटलीकडे गेला. आमच्या कन्सल्टंट मॅडम स्टूल ओढून बेडशेजारी बसल्या. म्हणाल्या, "हेमॅटोक्रिट, रक्ताचा दाटपणा, बघ. लघवी मोज. श्वास मोज. अर्धा तास हात मागे बांध." ताप उतरत होता, मूल आईला बघून रडत होतं, नाडी त्याने वाढली होती. डेंग्यूत रक्तवाहिन्यांची गळती साधारण २४ ते ४८ तास चालते आणि मग छातीपोटात साचलेलं सगळं पाणी आपोआप रक्तात परत येतं. आपण उत्साहाने ओतलेलंही. तेव्हा मूल शॉकने (रक्ताभिसरण कोसळून) नाही, फुप्फुसात पाणी होऊन हातातून जातं.

हे पुस्तकात नव्हतं का? होतंच. एमडीच्या परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. पण बाटलीकडे गेलेला हात मागे घ्यायला पुस्तक उपयोगी पडत नाही, शेजारी बसलेलं माणूस लागतं.

असाच दुसरा धडा जर्नल क्लबमधला, म्हणजे शोधनिबंध वाचून चर्चा करायच्या आमच्या बैठकीतला. युगांडा, केनिया आणि टांझानियात झालेली, २०११ साली प्रसिद्ध झालेली फीस्ट चाचणी तुम्ही वाचली असेलच. ३१४१ तापाची मुलं, रक्ताभिसरण मंदावलेली. ज्यांना फ्लुइड बोलस, म्हणजे शिरेतून झटपट भरपूर पाणी, दिला त्यांच्यातले सुमारे १०.५ टक्के ४८ तासांत गेले, ज्यांना दिला नाही त्यांच्यातले ७.३ टक्के. आमच्यातल्या एकाने लगेच जाहीर केलं की आता बोलस बंद. मॅडमनी विचारलं, "तिथे व्हेंटिलेटर होते का? किती मुलांना मलेरिया होता? किती जणांचं हिमोग्लोबिन तळाला होतं?" मग आमच्या बेडवरच्या मुलांवर हे कितपत लागू होतं, यावर दीड तास वाद. चहा दोनदा गार झाला.

आणि हे फक्त परदेशी कागदांचं नाही. रायगडातून विंचू चावलेलं मूल येतं, घामाने चिंब, हातपाय गार. वरवर बघितलं तर शॉकच. पण हृदय थकलेलं असतं, तिथे डेंग्यूसारखं पाणी चढवलं तर तुम्हीच त्याला बुडवता. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनची गोळी वापरून ही मुलं वाचवता येतात हे दाखवलं, तेही कोकणातल्या दवाखान्यात काम करून. गार पाय दोन्हीकडे सारखेच, उपचार उलटे. हा फरक ज्या युनिटमध्ये राउंडला मोठ्याने बोलला जातो, ते युनिट शिकवणारं.

म्हणून जागा बघायला जाल तेव्हा मशीन मोजू नका. मशीन हा या विषयाचा उगमही नाही. १९५२ साली कोपनहेगनला पोलिओची साथ आली, श्वास थांबलेल्या रुग्णांसाठी यंत्रं पुरेनात, तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्यातून नळी घालून हाताने पिशवी दाबत राहण्याचा मार्ग काढला. वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून दिवसरात्र पिशव्या दाबत बसले. इंटेन्सिव्ह केअर तिथून सुरू झालं असं मानतात. व्हेंटिलेटर रिकामा नाही म्हणून मुलाच्या बापाला अँबू (श्वास देण्याची तशीच पिशवी) दाबत बसलेलं मी रेसिडेन्सीत पाहिलंय, त्यामुळे ती गोष्ट मला कधी परकी वाटली नाही.

मग बघायचं काय? रात्री तीन वाजता कन्सल्टंट किती मिनिटांत बेडपाशी पोचतात हे सरांना नाही, सिस्टरना विचारा. गेल्या वर्षीच्या फेलोला चहाला न्या आणि विचारा की पहिल्या सहा महिन्यांत नळी टाकताना शेजारी कोण उभं होतं. तान्ह्या बाळाची चार मिलिमीटरची श्वासनलिका आतून सगळीकडून एक मिलिमीटर सुजली की वाट पाऊणपट कमी होते आणि हवेला होणारा अडथळा सोळापट. तिथे 'आपलं आपण शिका' चालत नाही. शिवाय गेलेल्या मुलांवर महिन्याला चर्चा होते का, आणि ती चूक शोधायला होते की दोषी शोधायला, तेही विचारा. एका सिस्टरकडे किती बेड, हे स्वतः मोजून या. बाकी हॉस्टेल, स्टायपेंड वगैरे तुम्ही विचारालच.

तुम्ही शेवटी लिहिलंय, "मुलं जातात तेव्हा सहन होतं का?" होत नाही. सवय होते, ती वेगळी गोष्ट. पण खरं सांगू का, मला मृत्यूपेक्षा 'डामा', म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून मूल घरी नेणं, जास्त लागतो. सुधारण्याची आशा असलेलं मूल, आणि बाप हिशोब करून म्हणतो, "मॅडम, घरी नेतो." आजी कोपऱ्यात पदर तोंडाला लावून उभी. त्या वेळी कोणती योजना लागू होते, ट्रस्टची खाट कुठे रिकामी आहे, सोशल वर्कर कोण, हे तुम्हाला माहीत असेल तर मूल राहतं. हे कुठल्याच अभ्यासक्रमात ठळक नाही. आमच्या जुन्या युनिटमध्ये सोशल वर्करताई सकाळच्या राउंडला आमच्याबरोबर फिरायच्या. खासगीत तो प्रश्न बिलिंग काउंटरवर सुटायचा, किंवा सुटायचा नाही. नातेवाइकांशी बोलताना मॅडम आम्हाला बाजूला उभं करायच्या, फक्त ऐकायला. त्या कधीच उभ्याने बोलल्या नाहीत. आधी आईला खुर्ची, मग स्वतःला.

घरच्यांचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. डोंबिवलीतला दवाखाना लवकर हातात पैसे देतो, रात्री झोप देतो. पीआयसीयूत चाळिशीतही रात्रीचा फोन सुटत नाही, आणि स्वतःच्या मुलाचा वाढदिवस हुकतो तेव्हा कुठली पदवी मदतीला येत नाही. माझे दोन बॅचमेट फेलोशिप करूनही शेवटी दवाखान्यात बसले आणि मजेत आहेत. त्यातला एक म्हणतो, ओपीडीत शंभर खोकल्यांमधलं एक खरं दमलेलं बाळ त्याला दारातूनच कळतं. ती तीन वर्षं वाया गेली असं तो तरी म्हणत नाही.

नीट-एसएसचा अभ्यास चालू ठेवा, पण चॉइस भरण्याआधी दोन-तीन युनिट प्रत्यक्ष बघून या. ओळख काढून, एखादी रात्र तिथे काढून. आणि जायचं तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, डेंग्यू-लेप्टोच्या दिवसांत जा. फेब्रुवारीत सगळीच युनिट शहाणी दिसतात.