वाचक विचारतात : बोरघाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन

प्रश्न : खंडाळ्याच्या घाटात पूर्वी गाडीचं इंजिन काढून मागच्या टोकाला लावत, हे खरं का? ते स्टेशन बंद का झालं?

खरं आहे. पळसदरी ते खंडाळा हा घाटमार्ग १८६३ साली सुरू झाला. चढण सुमारे २५ किलोमीटर, उंची १,८३१ फूट, बोगदे २५ आणि सर्वांत कठीण चढ ३७ फुटांना १ फूट. डोंगराची सोंड संपते तिथे रूळ वळवायला जागाच नव्हती. म्हणून मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी मार्ग इंग्रजी 'झेड'सारखा दुमडला. गाडी बंद टोकाच्या रुळावर येऊन थांबे. इंजिन सुटून शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला जाई, तिथे जोडलं जाई आणि शेवटचा डबा पहिला होई. हाच तोडगा थळघाटातही वापरला गेला.

यात वेळ जाई तो गेलाच, पण खरा धोका उतरणीला. १०० टनांच्या गाडीला या उतारावर जवळपास पावणेतीन टनांची ओढ लागते, आणि त्या काळी ब्रेक हाताने आवळायचे. खंडाळ्याकडून सुटलेली गाडी आवरली नाही, तर समोर रुळाचा शेवट आणि पुढे दरी. १८६९ च्या जानेवारीत नेमकं तेच घडलं. मेलगाडी टोक ओलांडून पलीकडे गेली. पुढे नवे बोगदे खोदून मार्ग सरळ केला आणि १९२९ मध्ये, घाटात विजेची इंजिनं येत असतानाच, हे स्टेशन बाद झालं.

प्रश्न : मुंबईकडे उतरताना गाड्या मंकी हिल, ठाकूरवाडीला उगाच का थांबतात?

उगाच नाही. तिथे 'कॅच सायडिंग' आहे, म्हणजे चढावर नेणारा वेगळा फाटा. सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सरकते रूळ, एरवी त्या फाट्याकडेच लावलेले असतात. गाडी थांबली, म्हणजे ब्रेक ताब्यात आहेत असं ठरतं. मगच मुख्य मार्गाचे सांधे जुळतात. सुटलेली गाडी फाट्यावर चढून आपोआप मंदावते.

प्रश्न : घाटमार्ग होण्याआधी पुण्याला कसे जात?

रेल्वेने खोपोलीपर्यंत, घाट पालखीने किंवा बैलगाडीने, आणि १८५८ पासून खंडाळ्याहून पुन्हा रेल्वे.

प्रश्न : जुने अवशेष रुळांवरून चालत जाऊन पाहता येतील का?

नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा मिळेलच असं नाही.