केवलमूल्य म्हणजे मायनस पुसणं नव्हे

नववीच्या वर्गात केवलमूल्याच्या सरावासाठी कोणते उपक्रम घ्यावेत, असं तुम्ही विचारलंय. शेवटी कंसात लिहिलंय, 'मुलं मायनस काढतात, पण गणितं चुकतात.' ते कंसातलं वाक्य वाचलं आणि गप्प बसवेना. केवलमूल्य म्हणजे संख्येचं शून्यापासूनचं अंतर. ते दोन उभ्या रेघांत लिहितात : |−५| = ५.

मी कोल्हापुरात २६ वर्षं गणित शिकवलं. आमच्याकडे एक ज्येष्ठ सर होते. त्यांचा खाक्या एकच : दोन उभ्या रेघा दिसल्या की मायनस पुसायचा, पुढचं गणित. आत नुसते अंक असेपर्यंत हे चालतं, पोरंही खूश. आत क्ष शिरला की गाडं अडतं. |−क्ष| चं उत्तर डोळे झाकून क्ष. आणि क्षच −५ निघाला तर? उत्तर उणे पाच? आमच्या मध्यवर्ती बसस्थानकापासून रंकाळा तलाव कधी उणे किलोमीटरवर असतो का?

२०१९ च्या महापुराच्या आदल्या पावसाळ्यातली गोष्ट. त्या दिवसांत इथं सकाळी चहाच्या आधी राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी विचारतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आमच्या पोरांना पाढ्यासारखं पाठ. मी फळ्यावर लिहिलं |क्ष − ४३| = ४ आणि विचारलं, 'धोका पातळीपासून पाणी ४ फुटांवर आहे. पातळी किती?'

वर्ग एका सुरात ओरडला, 'एकोणचाळीस!' कुणी पेन उघडलं नव्हतं. आता गंमत बघा, सरांच्या पद्धतीनं रेघा पुसून क्ष − ४३ = ४ सोडवलं तर ४७ येतं, ३९ येतच नाही. पोरांना नदीनं दिलेलं उत्तर फळ्यावर मिळालं नसतं.

मी म्हटलं, अजून एक उत्तर आहे. सगळे गप्प. मग मागच्या बाकावरून नदीकाठच्या गल्लीतला एक पोरगा, जो एरवी हजेरीलासुद्धा पुटपुटायचा, म्हणाला, 'सत्तेचाळीस. पण सर, दोन्ही सारखं कसं? एकोणचाळीसला आम्ही पाणी बघायला जातोय. सत्तेचाळीसला सामान माळ्यावर टाकून मामाकडं जातोय.'

इतकी वर्षं मला हे इतकं नीट सांगता आलं नव्हतं. अंतर तेवढंच, बाजू वेगळी. केवलमूल्य बाजू टाकून देतं, म्हणून गणित सोडवताना दोन्ही बाजूंना जाऊन बघायचं. त्या तासाला सगळ्या वर्गानं |क्ष − ५| = २ ची दोन्ही उत्तरं काढली, ३ आणि ७.

नेमके तेव्हाच ज्येष्ठ सर दारात. 'गणिताचा तास आहे का नदीचा?' पुढं महिनाभर शिक्षकखोलीत माझं नाव 'मच्छिंद्री'. शिवाजी पुलाची मच्छिंद्री म्हणजे पूर जोखायची आमच्याकडची जुनी खूण. मी आत शिरलो की कुणीतरी विचारायचंच, 'काय, झाली का मच्छिंद्री?' हसलो मीही, पण विसरलो नाही.

तुमच्या प्रश्नाकडं येतो. मैदानावर फक्कीनं संख्यारेषा आखा, शून्यावर एक पोरगं उभं करा. 'शून्यापासून ६ पावलांवर कोण?' म्हटलं की दोन हात वर आले पाहिजेत. मग शून्यावरच्या पोराला ३ वर सरकवा आणि तोच प्रश्न विचारा. आता ९ आणि −३ वरचे हात वर यायला हवेत. दुसरं, बरणीतले शेंगदाणे ओळखायला लावा. एकाचा अंदाज १२ नं कमी, दुसऱ्याचा १२ नं जास्त, तर जिंकलं कोण? भांडणं होतात, होऊ द्यावीत. |−७| आणि ७ च्या जोड्या लावायची कार्डं मात्र घेऊ नका. रंगीत कागदावर तेच मायनस पुसणं.

उलटा उपक्रमही घ्या : कुठं केवलमूल्य घ्यायचं नाही? आमच्याकडं फुटबॉलचं उदाहरण पुरतं. गोलफरक +३ आणि −३ असलेल्या दोन तालमींच्या संघांना सारखं म्हणून बघा, पेठेतून घरी जाताय का!

हो, एक राहिलं. घरात पाणी शिरलेल्या वर्षी नदीचं उदाहरण घेऊ नका. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, त्यानंतर वर्षभर मी ते फळ्यावर लिहिलं नाही. आणि ६० पोरांचा वर्ग ३५ मिनिटांत मैदानावर नेऊन आणणं सोपं नाही, दोन तास जोडून मागा. वहीतला सराव तरीही लागतोच, एवढं सरांचं बरोबर होतं.

त्यांचा नातू हल्ली माझ्याकडं शिकवणीला येतो. गेल्या आठवड्यात त्यानं |क्ष − ७| = ३ सोडवलं, उत्तर फक्त १०. मी खाली लाल शाईनं लिहिलं, '४ कुठं गेला?' आणि वही आजोबांना दाखव म्हटलं. अजून दाखवली नाही म्हणतोय.