राजीनामा देण्याआधी

स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढायची म्हणून राजीनामा लिहिलायस, पण अजून दिला नाहीस ना? मग थांब जरा. धाडस हवंच, पण ते कशावर करायचं हे आधी ठरव.

पुण्यातलंच उदाहरण घे. कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, पुढे कॉम्प्युटर. दुरुस्तीला आलेल्या मशिनांत व्हायरस निघायचे, म्हणून धाकट्या भावाने, संजय यांनी, ते काढणारा प्रोग्रॅम लिहिला. त्यातून क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी राहिली आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. म्हणजे अडचण खरी होती, गिऱ्हाईक रोज दारात होतं. जोखीम घेतली ती त्यानंतर.

सुरुवातीला एवढंच बघ:

- आधी पैसे मोजणारं गिऱ्हाईक, मग कोड. हिंजवडीतले मित्र ‘भारी आहे’ म्हणतात, ती मागणी नव्हे.
- किंमत, फीचर असले बदलता येणारे निर्णय पटकन घे. भागीदारी आणि घरावरचं कर्ज यांत घाई नको.
- टीममधल्या कुणी वाईट बातमी आणली तर ओरडू नकोस. पुढच्या वेळी तो गप्प बसेल, आणि तुला कळेल ते गिऱ्हाईक गेल्यावर.

बाणेरला चकाचक ऑफिस मात्र घेऊ नकोस. नव्यांचा निम्मा पैसा तिथेच जिरतो, असं माझं मत. फंडिंग, व्हॅल्युएशन वगैरे नंतर बोलू. घाबरू नकोस, या महिन्यात गिऱ्हाईक होऊ शकतील अशा दहा जणांना जाऊन भेट.