ठरलेल्या पेन्शनमध्ये औषधांचा खर्च बसत नाही म्हणून आई गोळ्या एक दिवसाआड घेते. घरात अपंग भाऊही आहे. काय करावं?

आधी आईचं ते एक दिवसाआड घेणं थांबवा. तुम्ही लिहिलंय की गोळी ब्लडप्रेशरची आहे आणि आई "मला काही त्रास नाही" म्हणते. रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, त्यामुळे त्या सांगण्यावर विसंबू नका. अर्धांगवायूचा एक झटका आला तर वर्षानुवर्षं वाचवलेल्या गोळ्यांचे पैसे आठवड्यात जातात, आणि माणूस अंथरुणाला खिळतो ते वेगळंच.

मी बरीच वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभा राहिलो आहे. महिन्याच्या सुरुवातीला अख्खी चिठ्ठी घेणारी म्हातारी माणसं महिनाअखेरीला हळूच म्हणायची, "आज चारच द्या." एक आजी आठवतात. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन सुरू झालं, काही आठवड्यांनी घोटे सुजले. सुजेसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी लघवी होण्याची गोळी दिली. तिने पोटॅशियम कमी झालं, मग त्याचं औषध. घोटे सुजणं हा अम्लोडिपिनचाच नेहमीचा दुष्परिणाम, पण तिन्ही चिठ्ठ्या एकत्र कुणी पाहिल्याच नव्हत्या. डॉक्टरांनी पहिली गोळी बदलली, सूज उतरली आणि बाकीची दोन्ही औषधं बंद झाली. आजींनी हौसेने एकही गोळी वाढवली नव्हती, तरी पैसे त्यांच्याच पेन्शनमधून जात होते.

म्हणून घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरा. अर्धवट पाकिटं, व्हिटॅमिनं, काढे, शेजारणीने सुचवलेलं चूर्ण, सगळं. ती पिशवी एकाच डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा आणि प्रत्येक औषधाबद्दल विचारा: हे कशासाठी, अजून लागतं का, जेनेरिक, म्हणजे तेच औषध ब्रँडच्या नावाशिवाय, चालेल का? विचारायला संकोच करू नका. वृद्धांना शक्यतो कोणती औषधं देऊ नयेत याची यादी मार्क बीअर्स या डॉक्टरांनी १९९१ मध्येच केली होती, ती आजही सुधारून वापरली जाते. गोळी बंद करायची की नाही हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं. आणि ब्लेडने अर्धी करून पुरवायची सवय असेल, तर दिवसभर हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या सहसा तोडायच्या नसतात. सगळा डोस एकदम अंगात जाऊ शकतो.

भावाचं गणित वेगळं आहे. तिथे गोळ्यांपेक्षा लघवीची नळी, पिशव्या, व्हीलचेअरची गादी, दवाखान्यात नेणारी गाडी आणि सोबत गेलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, यांत पैसे जातात. हे बिलात दिसत नाही म्हणून मदत मागतानाही कुणी मांडत नाही. तुम्ही मांडा, महिनाभर लिहून ठेवून. आणि गादीवर काटकसर करू नका. एक शय्याव्रण, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, झाला की महिनोन्महिने ड्रेसिंग चालतं.

आईला वाटतं की तिचाच हिशेब चुकतो. नाही चुकत. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात दाखवलं की ज्या कामात माणसाचा वेळच लागतो, ते यंत्रांनी स्वस्त होत नाही. जखमेचं ड्रेसिंग करायला नर्सला पूर्वी लागायचा तेवढाच वेळ आजही लागतो, पगार मात्र बाकीच्यांबरोबर वाढतो आणि वाढायलाच हवा. त्यात पेन्शन वाढलीच तर बहुधा सर्वसाधारण महागाईच्या मापाने वाढते, आणि ते माप ज्या घरखर्चावर बेतलेलं असतं त्यात औषधपाण्याचा वाटा म्हाताऱ्यांच्या घरापेक्षा बराच कमी असतो.

डॉक्टरांकडे जाण्याआधी आईच्या डब्यात किती गोळ्या उरल्यात ते मोजा आणि तो आकडा त्यांना खरा सांगा. नाहीतर वाढलेला रक्तदाब पाहून ते डोस वाढवतील किंवा आणखी एक गोळी लिहून देतील. आहे तीच गोळी पोटात गेलेली नाही, हे त्यांना कळायला दुसरा मार्ग नाही.