मोठ्या आईच्या रिपोर्टबद्दल: आधी मूळ शोधा

तुम्ही लिहिलंय की मोठ्या आईचं वय ४६, दोन्ही अंडाशयांत गोळे, पोटात पाणी, रिपोर्टवर ‘क्रुकेनबर्ग’, आणि मोबाईलवर आयुष्य कुठे चौदा महिने दिसतं तर कुठे पाच वर्षं. यातलं खरं काय?

भाऊ, दोन्ही खरं असू शकतं, कारण ते आकडे वेगवेगळ्या आजारांचे आहेत. क्रुकेनबर्ग म्हणजे अंडाशयात सुरू झालेला कॅन्सर नाही, दुसरीकडून तिथं आलेला आहे. बहुतेकदा जठरातून, त्याखालोखाल मोठं आतडं, अपेंडिक्स किंवा स्तनातून. खुद्द क्रुकेनबर्ग या डॉक्टरांनी १८९६ मध्ये त्याचं वर्णन केलं तेव्हा त्यांनाही तो अंडाशयाचाच वाटला होता. मग तालुक्याच्या सोनोग्राफीत चकवा बसला तर नवल नाही.

म्हणून ‘किती दिवस’ हे मूळ कुठलं त्यावर ठरतं. मूळ जठरात असेल तर वर्ष-सव्वा वर्षाच्या आसपास निम्म्या बायका गेलेल्या असतात. निम्म्या त्यानंतरही असतात, पण फार पुढे जाणाऱ्या थोड्या. आतड्याचं असेल आणि सगळे गोळे काढता आले, तर दोन-तीन वर्षं, काहींना त्याहून जास्त. स्तनाचं असेल तर हार्मोनच्या गोळ्यांवरही वर्षं निघू शकतात. अपेंडिक्सचा हळू वाढणारा, चिकट पाणी करणारा प्रकार तर वेगळीच जात आहे. त्यात चांगलं ऑपरेशन झालेले काही रुग्ण दहा वर्षंही जगलेत.

मूळ शोधायला वरून दुर्बीण, खालून दुर्बीण, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे), सीटी आणि रक्तात सीए १२५ व सीईए या कॅन्सरच्या दोन्ही खुणा. एकटं सीए १२५ वाढलं म्हणून अंडाशयाचाच असं धरू नका, ते पोटातल्या पाण्यानंही वाढतं. आणि ऑपरेशन आधीच झालं असेल तर ब्लॉक मागा. ब्लॉक म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डबीवर बसवलेली मेणाची वडी, आत तुमच्या पेशंटचा तुकडा. त्यावर रंग देऊन पुढच्या तपासण्या होतात आणि मूळ कळतं. जठराचं निघालं तर त्यावरच हर-२ नावाचं प्रथिन बघतात, ते पॉझिटिव्ह असेल तर एक औषध वाढतं. माझ्या मोठ्या बहिणीच्या वेळी पिशवीचं ऑपरेशन म्हणून आत घेतलं, गोळा स्टीलच्या ट्रेमध्ये आणून ‘बघा, एवढा निघाला’ म्हणून दाखवला, आणि तपासणीला काही पाठवलंच नाही. दवाखान्याचं नाव घेत नाही. तुम्ही मात्र ब्लॉक आणि स्लाइड सही करून ताब्यात घ्या, तो तुमचा हक्क आहे.

ऑपरेशन करावं का? आजार अंडाशयापुरताच असेल, पेशंट चालती-फिरती असेल आणि जोडीला केमो असेल तर फायदा दिसतो. आतड्याच्या कॅन्सरमध्ये तर अंडाशयातले गोळे केमोला बऱ्याचदा दाद देत नाहीत, बाकीचे डाग आकसतात आणि हे वाढतच राहतात, म्हणून काढावे लागतात. पण पोटाच्या पडद्यावर सगळीकडे दाणे असतील आणि पाणी काढून पुन्हा भरत असेल, तर मोठ्या ऑपरेशनचा हट्ट धरू नका.

नागपूरला तुकडोजी महाराज कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं एनसीआय (नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट), इकडे वर्ध्याला सेवाग्राम, सावंगीचे दवाखाने, यांपैकी जे जवळ पडेल ते. जाताना रेशनकार्ड, आधार न्या, आरोग्यमित्राला (दवाखान्यातला योजनेचा माणूस) गाठून महात्मा फुले योजनेत काय बसतं ते विचारा. मूळ कळायच्या आधी वावर विकायला काढू नका. आमच्याकडे आधी एकर जातो, मग बायोप्सी होते.

दुखत असेल तर मॉर्फिनच्या गोळ्या मागायला लाजू नका, त्या फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसतात. पाणी सुईनं काढलं की दम आणि जेवण दोन्ही सुधारतं. उलट्या थांबत नसतील आणि शौचाला होत नसेल तर रात्र काढू नका, आतडं अडकलं असू शकतं.

आणि मोठ्या आईला विचारा हो, तिला किती जाणून घ्यायचंय ते. घरातले सगळे कुजबुजतात, आणि बाईला वाटतं बाहेरचं झालं.

बायोप्सीच्या रिपोर्टचा फोटो नाव-नंबर झाकून इथं टाका, ‘सिग्नेट रिंग’ (पेशींचा प्रकार) आणि ‘सीके ७, सीके २०’ (मूळ शोधायच्या रंगाच्या तपासण्या) लिहिलेली ओळ नीट दिसली पाहिजे.