पेडिक्युअरचा टब खरोखर स्वच्छ कसा होतो?

प्रश्न: नाशिकमध्ये माझे लहानसे ब्यूटी पार्लर आहे. नुकताच पाण्याचे झोत सोडणारा पेडिक्युअर टब घेतला. प्रत्येक ग्राहकानंतर मी तो अँटिसेप्टिक द्रव घातलेल्या पाण्याने विसळते आणि निपर (कातडी, नखे कापण्याचा चिमटा), पुशर (नखाकडेची कातडी मागे सारण्याचे अवजार) यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाशाच्या पेटीत ठेवते. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर: नाही. आपण काळजीने विचारले आहे, म्हणून सविस्तर सांगते. 2000 साली कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे एकाच नेल सलूनमध्ये पेडिक्युअर केलेल्या शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांवर गळवे उठली आणि अनेकांना ती कित्येक महिने पुरली. कारण होते पाण्यात सहज वाढणारा ‘मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम’ हा जीवाणू. टब वरून स्वच्छ दिसत होते. मात्र पाणी ओढून घेणाऱ्या तोंडावरील जाळीमागे केस आणि मृत त्वचेचा थर साचलेला होता. पेडिक्युअरपूर्वी पायांवर रेझर फिरवलेल्या स्त्रियांना धोका अधिक होता, कारण रेझरने त्वचेवर पडणारे बारीक ओरखडे जंतूंना वाट करून देतात.

म्हणून प्रत्येक ग्राहकानंतर टब रिकामा करून साबणाच्या पाण्याने ब्रशने घासावा आणि धुवावा. मळ आणि तेलकटपणा शिल्लक असेल तर जंतुनाशकाची शक्ती त्यातच खर्ची पडते, त्यामुळे घासण्याची पायरी कधीही गाळू नये. मग स्वच्छ पाणी भरून, पृष्ठभागांसाठी असलेले रुग्णालयीन दर्जाचे जंतुनाशक लेबलवरील प्रमाणात घालावे आणि झोत सुरू ठेवून लेबलवर लिहिलेला पूर्ण वेळ, बहुधा 10 मिनिटे, ते खेळू द्यावे. जखमेसाठीचे अँटिसेप्टिक या कामाचे नाही. दिवसाअखेरीस जाळी काढून तिच्या मागची जागाही घासावी. ब्लीच वापरत असाल तर त्यात ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर कदापि मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

यूव्ही पेटीतील प्रकाश निपरच्या सांध्यात पोहोचत नाही. ती पेटी आधीच निर्जंतुक केलेली अवजारे ठेवण्यापुरतीच समजावी. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस टिकतो, म्हणून धातूची अवजारे घासून, कोरडी करून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, 121 अंश सेल्सिअसला, वेष्टनात असल्यास 30 मिनिटे ठेवावीत. लहान पार्लरला हा खर्च जड वाटेल, तरी माझ्या मते नव्या खुर्चीआधी ऑटोक्लेव्ह घ्यावा. लाकडी काडी, एमरी बोर्ड (नखे घासण्याची खरखरीत पट्टी) आणि प्युमिस स्टोन सच्छिद्र असल्याने निर्जंतुक होत नाहीत. ते एकाच ग्राहकासाठी वापरावेत. घरातल्या दगडी वजरीलाही हाच नियम लागू आहे: ती ज्याची त्याची असावी.

प्रश्न: माझ्या आईला मधुमेह आहे. तिने पार्लरमध्ये स्वतःची अवजारे न्यावीत का?

उत्तर: न्यावीत, परंतु टब टाळून साध्या, घासून निर्जंतुक केलेल्या बादलीत पाय बुडवण्यास सांगावे, कारण बादलीला टबासारखे जंतू साचतील असे पाइप नसतात. मधुमेहात पायाची संवेदना मंदावू शकते. पाणी किती गरम आहे किंवा त्वचा कापली गेली हे आईंना कळेलच असे नाही. पाण्याचा अंदाज आपण स्वतः घ्यावा आणि टाचेवर ब्लेड चालवू देऊ नये. भेग, जखम किंवा सूज असेल त्या दिवशी पेडिक्युअर न करता डॉक्टरांना पाय दाखवावा.