ताटली रिकामी परत देऊ नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई म्हणाली, पोरगी महिनाभर इस्तंबूलचे व्हिडिओ बघत बसली आहे. बघ बापडी. पण तू राहणार आहेस अंकाराला, तेही दोन वर्षं. इस्तंबूलच्या आयासोफियाची गोष्ट (५३७ साली चर्च, १४५३ ला मशीद, मग संग्रहालय, २०२० पासून पुन्हा मशीद) तुला कुणीही सांगेल. मी अंकाराला सहा वर्षं काढली ती शेजाऱ्यापाजाऱ्यांत, तेव्हा माझ्याकडून तेवढंच ऐक.

तुर्की माणसाकडे जवळपास प्रत्येक प्रसंगाला एक ठरलेलं वाक्य असतं. कुणी काम करताना दिसलं, मग तो रस्ता झाडणारा असो की खिडक्या पुसणारी शेजारीण, जाता जाता म्हणायचं, ‘कोलाय गेल्सिन’. म्हणजे सोपं जावो. जेवू घालणाऱ्या बाईला ‘एलिनिझे सालिक’, तुमच्या हातांना आरोग्य लाभो. आजारी माणसाला ‘गेचमिश ओल्सुन’, सरून जावो. हेच पाकीट हरवलेल्यालाही चालतं. नुसतं ‘थँक यू’ म्हणून हसलीस तर कुणी रागावणार नाही, पण तू पाहुणीच राहशील. दारात ‘होश गेल्दिनिझ’ म्हणून स्वागत झालं की उत्तर ‘होश बुल्दुक’. निघताना जाणारा म्हणतो ‘होश्चा काल’ आणि मागे राहणारा ‘ग्युले ग्युले’. मी पहिले दोन महिने उलटंच म्हणत होते, म्हणजे यजमानांनाच त्यांच्या घरातून निरोप देत होते.

नाती मात्र तुला शिकावी लागणार नाहीत. इंग्रजीतल्या ‘आंटी’त सगळ्या कोंबल्या जातात, तसं तिथे नाही. आईची बहीण तेय्झे, वडिलांची बहीण हाला, आईचा भाऊ दायी, वडिलांचा भाऊ आम्जा. आणि अनोळखी वयस्कर बाईला हाक मारायची ती तेय्झे म्हणूनच, आपण भाजीवालीला मावशी म्हणतो तशी. थोड्या मोठ्या मुलीला आब्ला, मुलाला आबी. प्राध्यापकांना होजाम म्हण.

शब्दही पुष्कळ ओळखीचे भेटतील: हवा, दुनिया, दुकान, हफ्ता, साबण. बरेचसे फारसी-अरबीतून दोन्हीकडे गेलेले. तोपची, मशालची यांतला तो ‘ची’ मात्र मूळचा तुर्कीच. तिथे चहावाला चायजी, मासेवाला बालिकची. फक्त ‘मिसाफिर’ला फसू नकोस, तो मुशाफिर नव्हे, पाहुणा.

आता ताटली. शेजारणीकडून काहीतरी येईलच. मोहरममध्ये बहुतेक आशुरे येईल: गहू, चणे, पांढरा घेवडा, सुकामेवा घालून शिजवलेली गोड खीर. नोहाच्या नावेत उरलंसुरलं एकत्र करून ती पहिल्यांदा केली, अशी कथा सांगतात. ते भांडं धुऊन रिकामं परत देऊ नकोस. हा नियम तुला तुझ्या आजीनेच शिकवलेला आहे. तिथे गेल्यावर आठवला म्हणजे झालं. मी एकदा साधा रव्याचा लाडू ठेवून पाठवला, तर पुढच्या आठवड्यात बाई कृती विचारायला आल्या आणि अडीच तास बसल्या. त्यांच्याकडेही रव्याचा हलवा असतो, पण तो बहुतेक कुणी गेल्यावर करतात. माझ्या घरी कोण गेलं, हे त्यांना आधी विचारायचं होतं!

जेवणाबद्दल एकच ताकीद. ‘मी मांस खात नाही’ एवढंच सांगितलंस तर समोर कोंबडी येईल, कारण ‘एत’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मटण-बीफच येतं. एत, तावुक (कोंबडी), बालिक (मासे) अशी तिन्ही नावं घेऊन नाही म्हण. उपाशी राहणार नाहीस. कांदा-टोमॅटो भरून ऑलिव्ह तेलात शिजवलेलं वांगं मिळतं, त्याचं नाव ‘इमाम बायल्दी’, इमामसाहेबांना भोवळ आली. जाजिक म्हणजे लसूण-पुदिना घातलेली काकडीची पातळ कोशिंबीर. आयरान म्हणजे ताकच.

दोल्मुश ही आपली वडाप. शब्दाचा अर्थच ‘भरलेली’. भरल्या भाजीच्या ‘दोल्मा’चं आणि तिचं क्रियापद एक. मागे बसलेल्यांचे पैसे हातोहात पुढे जातात आणि सुटे तसेच परत येतात. पहिल्या आठवड्यात मी चालकाला विचारलं, किझिलायला जाते का? त्याने भुवया उंचावून मान जराशी मागे नेली आणि ‘च्क’ केलं. मी ते ‘हो, बस’ समजले. ती तिथली ‘नाही’ची खूण होती. अर्ध्या तासाने शहराच्या भलत्याच टोकाला उतरले.

धर्माबद्दल अंदाज बांधू नकोस. एकाच जिन्यावर रोजे धरणारं घर असतं आणि राकी ही तिथली दारू पिणारंही, आणि ईदेला, म्हणजे बायरामला, दोन्ही घरांतली मुलं मोठ्यांच्या हाताचं चुंबन घेऊन तो कपाळाला लावतात. तुझ्यापुढे कुणी आजीबाईंनी हात केला तर तूही तसंच कर. वाकून नमस्कार करायची सवय असलेल्या मुलीला ते जड जाऊ नये.

अतातुर्क, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचे संस्थापक, हा थट्टेचा विषय नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेव. १० नोव्हेंबरला सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी, १९३८ साली ते गेले त्या क्षणाला, भोंगे वाजतात. गाड्या थांबतात, माणसं रस्त्यात उतरून उभी राहतात. तूही उभी राहा. १९२८ मध्ये त्यांनी अरबी लिपी काढून लॅटिन आणली. आपली मोडी हळूहळू गेली, त्यांची लिपी काही महिन्यांत गेली. माझ्या घरमालकीणबाईंकडे आजोबांच्या पत्रांचा गठ्ठा होता. घरात ती कुणालाच वाचता येत नव्हती, पण दर वसंतात उन्हात ठेवून परत बांधायच्या.

मी निघाले तेव्हा त्याच बाईंनी टॅक्सीमागे तांब्याभर पाणी ओतलं. पाण्यासारखी जा, पाण्यासारखी ये, असं म्हणतात. तुझ्या आईला सांगितलं आहे, तूही निघताना दारात थांब.

येताना बारीक कमरेचे दोन चहाचे पेले आण. माझा एक फुटला. मोज्यांत गुंडाळ म्हणजे टिकतील.

तुझी,
मावशी